पासवर्ड कसा निवडायचा, कसा सांभाळायचा: खान्देशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉम्प्युटर शिकवतो. क्लासला पोरं येतात, पण पासवर्डचे प्रश्न घेऊन त्यांचे आई-वडीलच जास्त येतात. कुणाची शिष्यवृत्ती अडकलेली असते, कुणाचा जीमेल उघडत नाही, कुणाचं व्हॉट्सॲप दुसराच चालवत असतो. या सगळ्यांकडे बघून माझं मत असं झालंय की आपल्याकडे पासवर्ड सोपा असतो हा धोका आहेच, पण त्याहून मोठा धोका म्हणजे तो पासवर्ड दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला असतो आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी वहीत असतो. खालची उत्तरं वाचताना ही गोष्ट डोक्यात असू द्या.

माझ्या खात्यात आहे काय? माझ्यासारख्याच्या मागे कोण लागणार?

नाव घेऊन कुणी मागे लागत नाही, हे खरं. पण चोरी करणारा माणूस एकेक खातं बघत बसत नाही, ते काम प्रोग्रॅम करतो. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीतून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले. कंपनीने ते जसेच्या तसे, उघडे साठवले होते. त्यात सगळ्यांत जास्त वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६. ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅमना खाऊ म्हणून घातली जाते आणि त्यानंतर तशा कितीतरी याद्या फुटल्या आहेत.

आता समजा, तुम्ही कधीतरी एखाद्या गेमच्या किंवा कपड्यांच्या साइटवर खातं काढलं होतं. ती साइट फुटली, तुमचा ईमेल आणि पासवर्ड यादीत गेला. प्रोग्रॅम तीच जोडी जीमेलवर, फेसबुकवर, खरेदीच्या साइटवर आपोआप लावून बघतो. पासवर्ड सगळीकडे एकच असेल तर एका फालतू साइटमुळे सगळं गेलं. म्हणून मी क्लासमध्ये आधी वेगळेपणा शिकवतो, अवघडपणा नंतर.

आणि खात्यात काही नसतं असं म्हणू नका. ईमेल ज्याच्या हातात गेला तो ‘पासवर्ड विसरलात?’ एवढं दाबून बाकीची बरीच खाती ताब्यात घेऊ शकतो. तुमच्या ईमेलमध्ये आधारची पीडीएफ, सातबारा, मुलीच्या मार्कशीट असं सगळं पडलेलं असतं.

मग चांगला पासवर्ड म्हणजे नेमका कसा?

लांब, अंदाज न येणारा आणि त्या एकाच खात्यापुरता.

‘एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह’ हा नियम सगळ्यांना पाठ आहे. तो पसरला २००३ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने काढलेल्या मार्गदर्शिकेतून. ते लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये सांगितलं की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. कारण माणसं काय करतात? पहिलं अक्षर मोठं, शेवटी १२३ आणि मध्ये एक ॲट. फोडणाऱ्यालाही हे माहीत असतं. संस्थेने २०१७ मध्ये तो आग्रह सोडला आणि २०२५ च्या आवृत्तीत, जिथे फक्त पासवर्डवरच खातं उघडतं तिथे तो किमान १५ अक्षरांचा असावा असं म्हटलं.

लांबीने किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. एखाद्या साइटने पासवर्ड जुन्या, कमकुवत पद्धतीने साठवले असतील आणि ते चोरांच्या हाती लागले तर आजचं एक महागडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १०० अब्ज अंदाज करून बघू शकतं. या वेगाने इंग्रजी लहान लिपीतल्या आठ अक्षरांचे सगळे पर्याय संपायला दोन-तीन सेकंद पुरतात. मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं सगळं मिसळलेला आठ अक्षरांचा पासवर्ड घेतला तरी साधारण १८ तास. याउलट ७,७७६ शब्दांच्या यादीतून निव्वळ योगायोगाने उचललेले चार शब्द असतील तर १० तास, पाच शब्द असतील तर ९ वर्षं, आणि सहा शब्दांना ७० हजार वर्षं. एकेका शब्दाने केवढी उडी पडते बघा.

साइटने पासवर्ड नीट साठवले असतील तर हाच वेळ कितीतरी पटींनी वाढतो. पण कुठली साइट कसं साठवते हे आपल्याला बाहेरून दिसत नाही, म्हणून वाईटात वाईट धरून चालायचं.

एवढा लांब पासवर्ड लक्षात कसा राहणार?

शब्दांचा बनवा. ही पद्धत अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडली. पाच वेळा फासा टाकायचा, आलेल्या पाच आकड्यांसमोरचा शब्द यादीतून घ्यायचा. फाशाला सहा बाजू, म्हणून सहाचा पाचवा घात, ७,७७६ शब्द. यादी इंग्रजी आहे, पण आपल्याला शब्दकोश चालतो. जाडसर मराठी शब्दकोश घ्या, न बघता पान उघडा, न बघता बोट ठेवा. असे पाच शब्द काढा आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करा. समजा आले ‘कंदील, उतारा, मोहरी, चपळ, ओसरी’. चपळ माणूस ओसरीवर कंदिलाच्या उजेडात मोहरीचा उतारा करतोय असं काहीतरी चित्र मनात रंगवा, दोन दिवसांत पाठ होतं. (हे पाच आता इथे छापले गेले, तेव्हा हेच वापरू नका.)

शब्द स्वतःच्या मनाने सुचवायचे नाहीत, यावर मी अडून बसतो. रावेर-यावलकडच्या माणसाला पाच शब्द विचारले की केळी येणारच. जळगावकर भरीत म्हणेल, धुळ्याचा माणूस पांझरा म्हणेल. प्रसिद्ध अभंग, ओवी, गाण्याची ओळ, सुविचार हेही नको. जे सगळ्यांच्या तोंडी आहे ते यादीतही असू शकतं.

एक व्यवहाराची अडचण मात्र येते. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना आपलं स्पेलिंग ठरलेलं नसतं. ‘वावर’ला आज व्ही लावला आणि महिन्याने डब्ल्यू लावला की खातं बंद. दीर्घ आ-ला एक ए की दोन? ‘श’ला एस-एच की नुसता एस? पासवर्ड ठरवतानाच अक्षरांचा नियम ठरवा आणि पहिले चार-पाच दिवस रोज एकदा टाइप करा. बोटांना सवय लागली की प्रश्न मिटतो.

अहिराणी शब्द घेतले तर जास्त सुरक्षित ना? सुरतच्या चोराला अहिराणी कुठून येणार?

आंडेर, बठ्ठा, वावर असे शब्द मिसळायला हरकत नाही, लक्षातही छान राहतात. पण एका अहिराणी शब्दाला १२३ जोडलं म्हणून पासवर्ड भक्कम होत नाही. शब्द छोटा असेल तर प्रोग्रॅमला भाषा येण्याची गरजच नाही, तो अक्षरं फिरवून तिथे पोहोचतो. शिवाय आपल्याला फसवणारा दरवेळी परमुलखातलाच असतो असंही नाही.

थेट देवनागरीत पासवर्ड ठेवू का?

टाळा. बऱ्याच साइट देवनागरी घेतच नाहीत, आणि घेतली तरी दुसऱ्या फोनच्या कीबोर्डवर तेच जोडाक्षर वेगळ्या पद्धतीने साठवलं जाऊ शकतं. डोळ्यांना सारखं दिसतं, मशीनला वेगळं.

जन्मतारीख, गाडीचा नंबर, मोबाइल नंबर का नको? ते तर कधीच विसरत नाही.

तुम्ही विसरत नाही तसे बाकीचेही विसरत नाहीत. शंभर वर्षांतल्या सगळ्या तारखा मोजल्या तरी साडेछत्तीस हजार होतात, मशीनला ते काहीच नाही. गाडीचा नंबर एमएच १८, १९ किंवा ३९ ने सुरू होणार हे धुळे, जळगाव, नंदुरबारमध्ये पोरगाही सांगेल. मोबाइल नंबर दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर आणि गावच्या ग्रुपवर असतो. मुलांची नावं लग्नाच्या बॅनरवर ‘चिमुकले’ म्हणून छापलेली असतात.

याला लागूनच एक सांगतो. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड सगळ्यांचा एकाच नियमाने बनतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्माचं वर्ष. म्हणजे तुमचं नाव आणि वय माहीत असलेल्या कुणालाही ती फाइल उघडते. ती फाइल पासवर्डवाली आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कुणाच्याही कॉम्प्युटरवर सोडून येऊ नका.

सेवा केंद्रावाल्या दादानेच खातं काढून दिलं. पासवर्डही त्यालाच माहीत आहे. चालेल ना?

नाही. आणि हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

जूनपासून दिवाळीपर्यंत आपल्याकडच्या कुठल्याही सेवा केंद्रावर जा. महाडीबीटीची शिष्यवृत्ती, आपले सरकारवरचे दाखले, सीईटीचा फॉर्म, रेल्वेचं तिकीट, सगळ्यांची रांग. मागे माणसं उभी असतात, वीज जायची भीती असते. केंद्रवाला झटपट खातं काढतो, पासवर्ड म्हणून मुलाचं नाव, पुढे ॲट, पुढे १२३ टाकतो आणि वहीत लिहून घेतो. यात बहुतेक वेळा त्याची नियत वाईट नसते. पुढच्या वर्षी तुम्ही ‘पासवर्ड काय होता हो दादा?’ म्हणून त्याच्याकडेच येणार, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं.

पण त्या वहीत अर्ध्या गावाची खाती असतात. ती वही टेबलावर उघडी असते. केंद्रावरचा पोऱ्या दर सहा महिन्यांनी बदलतो. सगळ्यांचे पासवर्ड एकाच साच्यातले, म्हणजे आपला माहीत असलेल्याला शेजाऱ्याचाही कळला. प्रवेशाच्या वेळी कुणी मुलीच्या खात्यात शिरून कॉलेजांच्या पर्यायांचा क्रम बदलला तर वर्ष वाया जाण्याची वेळ येते. काही केंद्रांत तर नोंदणीला मोबाइल आणि ईमेलही केंद्राचाच टाकतात, ‘तुम्हाला ओटीपी कळत नाही’ म्हणून. मग पासवर्ड बदलायचा म्हटलं तरी ओटीपी त्यांच्याकडे. खातं नावाला तुमचं उरतं.

तेव्हा असं करा. खातं काढताना मोबाइल आणि ईमेल स्वतःचेच द्या. पासवर्डच्या रकान्याशी आले की ‘भाऊ, हे मी टाकतो’ म्हणा आणि कीबोर्ड हातात घ्या. इंग्रजी टायपिंग येत नसेल तर घरून पासवर्ड कागदावर लिहून आणा, बघून एकेक अक्षर दाबा, कागद परत खिशात. ब्राउझर ‘पासवर्ड जतन करू का?’ विचारेल, तिथे नकार द्या. काम झालं की लॉगआउट तुमच्या डोळ्यांसमोर. डाउनलोडमध्ये उतरलेले दाखले आणि आधार तिथून आणि रिसायकल बिनमधून काढायला सांगा. प्रिंटसाठी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइलही त्यांच्या फोनमधून काढायला सांगा. चांगला केंद्रवाला याचा राग मानत नाही.

आधीच दुसऱ्याने काढलेली खाती असतील तर घरी बसून पासवर्ड बदला आणि प्रोफाइलमध्ये जाऊन नोंदलेला मोबाइल-ईमेल कुणाचा आहे ते बघा. नुसता पासवर्ड बदलून ते तसंच राहिलं तर उपयोग नाही.

केंद्र चालवणाऱ्या भावांनाही एक सांगणं आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तुमच्या वहीतून दुसऱ्याने काही केलं तरी पोलीस आधी तुमच्याच दारात येतील. वही बंद करा.

मी सुरतला आहे, खात्याला नंबर गावाकडे वडिलांचा. ओटीपी फोनवर विचारून घेतो. काही हरकत?

उधना, लिंबायतमध्ये राहणाऱ्या आपल्या कितीतरी पोरांचं असंच चालतं. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे आप्पांना सवय लागते की फोन आला, कुणी ‘ओटीपी सांगा’ म्हटलं की सहा आकडे वाचून दाखवायचे. उद्या तुमचा मित्र म्हणून, बँकेचा माणूस म्हणून दुसराच फोन करेल. त्यांना फरक कसा कळणार? ही सवय आपणच लावलेली असते. दुसरी अडचण नंबर बंद पडण्याची. कामाच्या गावी नवीन सिम घेतलं, जुन्यात रिचार्ज केला नाही, की काही महिन्यांनी कंपनी तो नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. तुमचा ईमेल त्या जुन्या नंबरवर असेल तर ओटीपी त्या अनोळखी माणसाला जातात.

ज्याचं खातं, त्याचा नंबर. नंबर सोडण्याआधी बँक, आधार, ईमेल, डिजिलॉकर सगळीकडे नवा नोंदवा. आधारमधला मोबाइल आधार केंद्रावर बदलून मिळतो, ते काम अखाजीला किंवा कानबाईला गावी याल तेव्हा उरकून टाका. तुमच्या नावावर आणखी किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार करता येते.

तोवर आप्पांना एवढंच पक्कं सांगा: आवाज माझा वाटला तरी फोन ठेवायचा, माझ्या नंबरवर स्वतः परत लावायचा, मगच आकडे सांगायचे.

ओटीपी येतोच, मग पासवर्डला एवढं महत्त्व का?

दोन्ही असावेत म्हणून तर त्याला दोन टप्प्यांची पडताळणी म्हणतात. पासवर्ड फुटला तर ओटीपी अडवतो, फोन चोरीला गेला तर पासवर्ड अडवतो. ईमेल, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळीकडे ही सोय सेटिंगमध्ये असते, पण आपणहून चालू करावी लागते. व्हॉट्सॲपमध्ये सहा आकडी पिन ठेवता येतो. तो ठेवला नसेल तर फसवून घेतलेल्या एका ओटीपीवर तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या फोनमध्ये सुरू होतं.

आमच्याकडे मोलगी-धडगावला रेंजच नसते. ओटीपी वेळेत येत नाही.

मग ऑथेंटिकेटर ॲप वापरा, गुगलचं आहे, मायक्रोसॉफ्टचंही आहे. खातं जोडताना एकदाच क्यूआर कोड स्कॅन करायचा. त्यानंतर ॲप दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड फोनमध्येच तयार करतं, त्याला रेंज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. फक्त फोनची वेळ बरोबर हवी. सातपुड्यात शिकवणाऱ्या गुरुजींना मी हेच सुचवतो. एसएमएसपेक्षा हे सुरक्षितही आहे, कारण तुमच्या नावाचं दुसरं सिम काढून ओटीपी पळवायचा प्रकार इथे चालत नाही. बँका मात्र बहुतेक एसएमएसच पाठवतात.

गुगल खात्यात ‘बॅकअप कोड’ म्हणून आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात. ते छापून कपाटात ठेवा. फोन हरवला की तेच कामाला येतात.

पासवर्ड डायरीत लिहून ठेवले तर?

घरच्या कपाटात, कुलुपाआड असेल तर खुशाल. ऑनलाइन चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. डायरीवर ‘पासवर्ड’ असं लिहू नका आणि ती पिशवीत घालून बाजाराला नेऊ नका, झालं. धोका आहे तो डायरीचा फोटो काढून गॅलरीत ठेवण्यात, स्वतःलाच व्हॉट्सॲप करण्यात, फोनमध्ये ‘एटीएम’ नावाचा कॉन्टॅक्ट करून त्यात पिन लिहिण्यात.

पासवर्ड मॅनेजर वापरावा का? सगळी अंडी एका टोपलीत नाही का होत?

पासवर्ड मॅनेजर म्हणजे सगळे पासवर्ड एकाच मुख्य पासवर्डच्या कुलुपाआड सांभाळणारं ॲप. शंका रास्त आहे. २०२२ मध्ये लास्टपास या मोठ्या कंपनीतून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या होत्या. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा होता त्यांना धोका झाला, भक्कमवाल्यांची तिजोरी उघडणं महाकठीण. तरीही माझं मत वापरा असंच आहे, कारण चाळीस खात्यांना चाळीस वेगळे पासवर्ड माणसाच्या डोक्यात राहत नाहीत आणि मग तो एकच सगळीकडे लावतो.

अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचा मॅनेजर आधीपासून असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. बिटवॉर्डन मोफत वापरता येतो. इंटरनेटवर काहीच ठेवायचं नसेल तर कीपास आहे, त्याची फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते, बॅकअपची जबाबदारीही तुमचीच. आणखी एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही. बँकेच्या साइटसारखी हुबेहूब नकली साइट उघडली तर आपला डोळा फसतो, पण मॅनेजर पत्ता जुळत नाही म्हणून पासवर्ड भरतच नाही. तो भरत नसेल तिथे थांबा आणि पत्ता नीट वाचा.

मुख्य पासवर्ड मात्र सहा शब्दांचा, कुठेही न वापरलेला.

दर तीन महिन्यांनी बदलायचा का?

नाही. सतत बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा एकाने वाढवतो. फुटल्याचा संशय आला, कुणाला सांगून बसलात, फोन हरवला, तर लगेच बदला. ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर ईमेल टाकला की तो कुठल्या फुटलेल्या यादीत आहे का ते कळतं. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये ती सुरू केली.

‘आईचं माहेरचं आडनाव काय?’ असे प्रश्न विचारतात. खरं उत्तर द्यायचं?

आपल्याकडे आईचं माहेर अख्ख्या गावाला माहीत असतं. पहिली शाळाही एकच, जिल्हा परिषदेची. तेव्हा खोटं उत्तर द्या आणि डायरीत लिहून ठेवा.

यूपीआयचा पिन कसा ठेवू?

चार आकड्यांत दहा हजारच पर्याय, सहा आकड्यांत दहा लाख. बँक सहा देत असेल तर सहा घ्या. जन्मसाल, १२३४, लग्नाचं वर्ष नको, आणि फोन उघडायचा पिन वेगळा, यूपीआयचा वेगळा. कापसाचे, केळीचे पैसे घेताना ‘पिन टाका, पैसे येतील’ असं कुणी म्हटलं की समजा हा व्यापारी नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. किराणा दुकानात पिन टाकताना फोन छातीशी धरा, मागच्याला वाईट वाटलं तर वाटू द्या.

बोटाचा ठसा असेल तर पासवर्डची भानगडच नाही, बरोबर?

फोन उघडायला ठसा चांगला. आधारचा ठसा मात्र वेगळी गोष्ट आहे. पाड्यावर बँक मित्राच्या मशीनवर ठसा देऊन पैसे निघतात, तिथे पासवर्डही नाही, पिनही नाही, आणि चोरलेला ठसा बदलताही येत नाही. म्हणून आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेने बायोमेट्रिक लॉक, म्हणजे ठसा कुलूपबंद ठेवायची सोय, दिलं आहे, त्यांच्या अधिकृत ॲपमधून ते चालू करता येतं. रेशनच्या मशीनवर अंगठा द्यायच्या दिवशी तात्पुरतं उघडावं लागतं, हे घरात ज्याला ॲप जमतं त्याने सांभाळायचं.

पासकी म्हणजे काय?

पासवर्डच्या जागी आलेली नवी सोय. फोनमध्ये एक गुप्त किल्ली तयार होते, ती फोनच्या लॉकने उघडते, साइटकडे गुपित जातच नाही. त्यामुळे साइट फुटली तरी चोरायला काही नाही आणि नकली साइटवर ती चालत नाही. गुगलने मे २०२३ मध्ये वैयक्तिक खात्यांना ही सोय दिली. स्वतःचा एकट्याचा फोन असेल तर चालू करा. सगळं घर एकच फोन वापरत असेल आणि लॉक सगळ्यांना माहीत असेल तर थांबा.

बचत गटाचं, दुकानाचं खातं चार जणी वापरतात. तिथे काय करायचं?

ज्या ठिकाणी वेगवेगळे वापरकर्ते जोडता येतात तिथे प्रत्येकीला तिचं स्वतःचं लॉगिन द्या. येत नसेल तर पासवर्ड मोजक्या दोघींनाच, आणि अध्यक्ष किंवा सचिव बदलल्या त्याच दिवशी पासवर्ड बदला, नोंदलेला मोबाइलही. बदललेल्या ताईंवर अविश्वास म्हणून नाही, त्यांच्याही डोक्यावर उद्या खापर फुटू नये म्हणून. ठराव लिहिताना तेवढी एक ओळ वहीत घाला.

घरातला कर्ता माणूस अचानक गेला तर त्याची खाती कशी उघडायची?

जिवंतपणी तजवीज करा. गुगलमध्ये निष्क्रिय खात्याची सोय आहे: ठरवलेल्या मुदतीत, तीन ते अठरा महिने, खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवलं जातं आणि निवडलेली माहिती मिळते. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात घालून बायकोला किंवा मुलीला कुठे ठेवलाय ते सांगा. बँकेचे पैसे मात्र मृताचा पासवर्ड वापरून काढायचे नसतात, त्यासाठी नॉमिनीची नोंद असते, ती झाली आहे का ते आजच पासबुकवर बघा.

पैसे गेले, किंवा खात्यात कुणीतरी शिरलंय. आधी काय करू?

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे, पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या तासांतच जास्त असते. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने बँकेला कळवून कार्ड, यूपीआय बंद करायला सांगावं. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, कार्डाच्या मागचा किंवा पासबुकवरचा घ्या. शोधात नकली नंबर सापडतात आणि लोक दुसऱ्यांदा फसतात.

मग ईमेलचा पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून, कारण पहिल्यात कुणाच्या सांगण्यावरून टाकलेलं ॲप असू शकतं. ‘सगळीकडून लॉगआउट’ करा. खातं परत मिळवण्यासाठी नोंदलेला मोबाइल-ईमेल तपासा आणि मेल आपोआप दुसरीकडे पाठवायचा नियम कुणी लावून ठेवलाय का तेही सेटिंगमध्ये बघा, कारण तो राहिला तर पासवर्ड बदलूनही तुमची पत्रं तिकडे जात राहतात. ईमेलनंतर बँक, मग बाकीची खाती.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार, तुमची आणि बँकेची दोघांचीही चूक नसताना तिसऱ्याने पैसे काढले आणि तुम्ही बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार दिली, तर तोटा तुमच्यावर येत नाही. चार ते सात दिवस लागले तर काही मर्यादेपर्यंत येतो. तुम्हीच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाज वाटते म्हणून, घरचे रागावतील म्हणून एक दिवसही थांबू नका. शाखेत लेखी अर्ज द्या, शिक्का मारलेली पोच घ्या, १९३० वर मिळालेला तक्रार क्रमांक अर्जात लिहा, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तीच तक्रार स्क्रीनशॉटसकट नोंदवा.